भाडं कळलं, हीटिंगचं काय?

जानेवारीत पुण्याहून अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमला येताय, सोबत मिसेस आणि दोन वर्षांची मुलगी. पाहून ठेवलेल्या तीन जागांपैकी कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. तिन्हींची भाडी लिहिलीत, ऑफिस किती लांब तेही लिहिलंत. पण घर कशावर तापतं आणि ते बिल कोण भरतं, हे एकाही जागेचं लिहिलेलं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळ्याचं गणित फसतं ते नेमकं इथे.

या राज्यात साधारण निम्मी घरं गॅसवर तापतात आणि चौथा हिस्सा तेलावर. तेल म्हणजे तळघरात 275 गॅलनची लोखंडी टाकी. टँकर येतो, माणूस भिंतीतल्या तोंडाला नळी लावतो आणि शेजारच्या पाइपातून शिट्टी वाजायला लागते. शिट्टी थांबली की टाकी भरली. ऐकायला मजा वाटते, पण बरेच विक्रेते शंभर गॅलनच्या खाली येतच नाहीत, म्हणजे एका खेपेला तीन-चारशे डॉलर सहज जातात. तेल संपलं तर रात्र कुडकुडत काढायची.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी विजेची बेसबोर्ड हीटर असलेली. भाडं जरा कमी दिसतं, पण इथे वीज युनिटला साधारण 30 सेंट पडते आणि तो हीटर एका युनिटची एका युनिटइतकीच उष्णता देतो. हीट पंप (आपल्या स्प्लिट एसीचाच भाऊ, उलटा चालणारा) तेवढ्याच विजेत दोन ते तीन पट देतो. तेव्हा जाहिरातीत नुसतं ‘इलेक्ट्रिक हीट’ लिहिलं असेल तर यातलं कुठलं, ते विचारा. मागच्या जानेवारी-फेब्रुवारीचं बिलही मागा.

घरमालकाची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. 15 सप्टेंबर ते 31 मे या काळात घर दिवसा 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले 20, आणि रात्री 64 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे. इंधनाचा खर्च तुमच्यावर टाकायचा तर तसं लेखी करारात हवं. सही करण्याआधी तो परिच्छेद दोनदा वाचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न: ‘स्वस्त आणि स्वच्छ हीटिंग’च्या विधेयकांना पाठिंबा द्या म्हणतात, व्हिसावर आलेल्याने त्यात पडावं का? माझं मत, जरूर पडावं, कारण बिल तुमच्या नावाने येणार आहे. गॅसच्या बिलात गॅसची किंमत वेगळी आणि तो घरापर्यंत आणायचा खर्च वेगळा असतो. हा दुसरा आकडा बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. 2014 च्या कायद्याने जुन्या गळक्या पाइपलाइनी बदलायला जोर दिला. ते गरजेचंही होतं, पण पैसे ग्राहकांच्याच खिशातून जातात आणि ते पाइप पुढची कित्येक दशकं फेडत बसायचे. दरम्यान स्वतःचं घर असलेला माणूस हीट पंप बसवून गॅस सोडतो. मग उरलेल्या पाइपांचा भार उरलेल्यांवर. उरलेले कोण? बहुतेक भाडेकरू. तुम्ही-आम्हीच.

नोव्हेंबर 2024 मध्ये गव्हर्नर मॉरा हीली यांनी सही केलेल्या कायद्याने हे थोडं वळवलंय: पाइप सरसकट बदलण्याऐवजी दुरुस्त करणं किंवा बंदच करणं, हेही आता विचारात घ्यावं लागतं आणि गॅस कंपन्यांना जमिनीखालच्या उष्णतेची जाळी (जमिनीतली ऊब पाइपांनी इमारतींपर्यंत नेणारी) उभारायची मुभा आहे. अशी जाळी तुमच्या फ्रेमिंगहॅममध्येच 2024 पासून चालू आहे. गॅस कंपनीने उभारलेली देशातली ही पहिली, सुमारे 36 इमारतींसाठी. मे 2025 मध्ये हीलींनी बिलं कमी करण्यासाठी आणखी एक मोठं विधेयक मांडलं. सगळं गोड नाही, हेही सांगते. हीट पंपांना अनुदान देणारी ‘मास सेव्ह’ योजना बिलांवरच्या आकारातूनच चालते, त्यामुळे 2025 मध्ये बिलांची बोंब झाली तशी तिच्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकातून 50 कोटी डॉलर कापले गेले. मला ते पटलं नाही, पण बोंब मारणाऱ्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

मत द्यायला नागरिकत्व लागतं, म्हणणं मांडायला लागत नाही. बॉस्टनच्या स्टेट हाउसमध्ये ऊर्जेच्या समितीची सुनावणी होते, तिथे दोन-तीन मिनिटं बोलता येतं किंवा ईमेलने लेखी देता येतं. नोकरीचं नाव मध्ये आणू नका. उमेदवाराला देणगी तर ग्रीन कार्डाशिवाय अजिबात देऊ नका, ते बेकायदेशीर आहे. निवेदन अर्ध्या पानाचं पुरे: अमुक गावात भाड्याने राहतो, घरात लहान मूल आहे, थर्मोस्टॅट इतक्यावर ठेवतो, तरी बिल इतकं आलं, म्हणून विधेयकातलं अमुक कलम हवं. बिलाची प्रत जोडा, खाते क्रमांक खोडून.