गोव्यात दिव्यांग व्यक्ती आमदार होऊ शकते का? राखीव जागा असते का?

होऊ शकते की! वय २५ पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं. डोळे-पाय कोणी तपासत नाही. राखीव जागा मात्र नाही. पर्वरीच्या विधानसभेत ४० जागा, २०२२च्या निवडणुकीत राखीव एकच होती, पेडणे, तीही अनुसूचित जातींसाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरतं.

साधन गुप्तांचं उदाहरण बघा. अंध वकील, १९५३च्या पोटनिवडणुकीत कोलकात्यातून थेट लोकसभेत! पुढे बंगालचे आमदार, १९८६मध्ये राज्याचे महाधिवक्ता.

आमच्या पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, कौतुकच आहे. पण तिकीट वाटताना पक्षांना दिव्यांग कार्यकर्ता आठवतो का? माझ्या मते खरी अडचण कायद्यात नाही, तिथे आहे.