गळती आणि ओल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत भिंतीचे पोपडे निघतात. फरश्यांचे सांधे नव्याने भरले, खोलीतून वॉटरप्रूफ रंगही दिला. तरी ओल येतेच.

उत्तर : पाणी बाथरूमकडून येते, त्यामुळे ते त्याच बाजूने अडवायला हवे. खोलीकडून दिलेला थर मागून येणारी ओल ढकलून पाडते. शिवाय सांध्यांतले सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते. ते वॉटरप्रूफिंग नव्हे.

तोडफोडीआधी पाण्याचा उगम शोधा. बाथरूम एक दिवस वापरू नका, पण पाइपात पाणी चालू ठेवा. तरीही ओल ताजी राहिली, तर गरम पाण्याची आणि थंड पाण्याची लाइन आळीपाळीने बंद करून पाहा. पाइप ठीक असतील, तर नहाणी ट्रॅपचे (जमिनीवरचे सांडपाणी जिथून खाली जाते त्या भांड्याचे) तोंड बोळ्याने घट्ट बंद करून जमिनीवर 25 मिमी पाणी 24 तास साठवा. त्यावर ओल वाढली तर दोष जमिनीत आहे. नाही वाढली, तर बोळा काढून रंगीत पाणी ट्रॅपमधून सोडा. तो रंग खाली किंवा भिंतीत दिसला, तर सांडपाण्याचा जोड फुटला आहे.

दोष जमिनीत निघाला तर फरशी आणि तिच्याखालचा मसाला काढून स्लॅब उघडा करावा लागतो. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात 1:3 सिमेंट-वाळू मसाल्याचा 50 मिमीचा गोलावा द्या. ट्रॅप आणि पाइपांभोवतीची फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरा, कारण बहुतेक गळती तिथूनच होते. पॉलिमर-सिमेंटचे दोन थर द्या, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात जाळी दाबा. लेप भिंतीवर 300 मिमी चढवा, शॉवरकडे 1.8 मीटर. लेप डब्यावर लिहिलेल्या मुदतीइतका वाळू द्या आणि फरशी बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवा. ही चाचणी टाळू देऊ नका. चाचणीनंतर कुणी पाइपासाठी छिन्नी मारली, तर तो भाग दुरुस्त करून पुन्हा पाणी भरायचे.

प्रश्न : गच्चीवरचे कोटिंग एका पावसाळ्यात फुगून सुटले. माल खराब होता का?

उत्तर : बहुधा नाही. ओलसर किंवा धुळकट पृष्ठभागावर लेप दिला, की आतल्या पाण्याची उन्हाने वाफ होते आणि लेप उचलला जातो. 45 सेमीचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. खाली थेंब दिसले तर थांबा.

उतारही तपासा. किमान 1:100, म्हणजे 3 मीटरला 3 सेमी. सतत साचलेल्या पाण्यात साधे ॲक्रिलिक कोटिंग मऊ पडते. थंडी-उन्हात हलणाऱ्या भेगा सिमेंटने भरू नका, पुन्हा फुटतात. 10 मिमीची खाच कोरून लवचिक सीलंट भरा. लेप कठड्यावरही 300 मिमी न्या.

प्रश्न : तळमजल्याच्या भिंतीला खालून मीटरभर ओल आणि पांढरी पूड येते. टाइल्स लावू का?

उत्तर : नको. पाणी जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि सुकताना क्षार मागे सोडते. टाइल्सनी वाट बंद केली, की ते आणखी वर जाते. आधी बाहेर पाहा : माती किंवा फरसबंदी ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी घातलेल्या थराच्या) किमान 150 मिमी खाली हवी. अनेकदा अंगण वाढत जाऊन तो थर बुडालेला असतो; माती हटवली की निम्मे काम होते. थर नसेलच, तर विटांमध्ये भोके पाडून ओलरोधक क्रीम भरतात. ओलीच्या रेषेवर 300 मिमीपर्यंतचा गिलावा काढून टाका, कारण त्यातले क्षार हवेतूनही ओलावा ओढतात. भिंत सुकायला जाडीच्या दर 25 मिमीला साधारण महिना लागतो. इथे घाई केली तर नवा गिलावाही सुटेल.

प्रश्न : थंडीत कपाटामागे काळी बुरशी येते, जवळ पाइप नाही.

उत्तर : थंड भिंतीवर घरातल्याच वाफेचे पाणी होते. कपाट 75 मिमी पुढे ओढा, स्वयंपाक आणि आंघोळीनंतर पंख्याने वाफ बाहेर काढा. इथे वॉटरप्रूफिंगवर खर्च करू नका.