जुनी इलेक्ट्रिक गाडी: वॉरंटी आधी संपते की कर्ज?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याहून यवतमाळच्या शाळेत जाण्यायेण्याचे रोज 80 किलोमीटर. नागपूरच्या डीलरकडे मार्च 2020 ची, 70,000 किलोमीटर चाललेली नेक्सॉन ईव्ही साडेसहा लाखांत आहे. कापसाचे 2 लाख हाताशी आहेत, उरलेले साडेचार लाख 13 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी.

गाडी घ्या. पण या भावात आणि या कर्जावर नको.

इंधनाचा तुमचा हिशेब बरोबर आहे. 80 किलोमीटरला 12-13 युनिट, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. पेट्रोलला पाचशे सहज जातात. शाळा सुरू असलेल्या महिन्यात आठ-नऊ हजार वाचतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र बचत थांबते, हप्ता थांबत नाही.

आता बॅटरी. कागदावर एका चार्जला 312 किलोमीटर लिहिले असले तरी नवी असतानाही ही गाडी रस्त्यावर दोनशेच्या आसपासच चालायची. आपल्याकडच्या 45 अंशांत बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते, त्यातून फुल चार्ज करून उन्हात ठेवली असेल तर जास्तच. तरी पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी तुमचे 80 आरामात निघतात. तेव्हा रेंजची काळजी सोडा.

काळजी तारखेची करा. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमच्या वापरात किलोमीटर पुरून उरतील, पण मार्च 2028 ला वॉरंटी संपेल. तोवर दोन वर्षांचे हप्ते भरलेत असे धरा, तरी 3 लाखांवर कर्ज शिल्लक असेल. तेव्हा बॅटरीचा पॅक गेला तर नव्याचा लाखांतला खर्च आणि जुने हप्ते, दोन्ही एकाच पगारातून.

म्हणून भाव साडेपाचवर आणा, आरडी मोडून 50 हजार घाला आणि 3 लाख 3 वर्षांसाठी घ्या. हप्ता तोच, दहा हजारांच्या आसपास. पण वॉरंटी संपताना देणे सव्वा लाखाच्या आत. डीलर सहाच्या खाली येत नसेल तर उठून या.

इसार देण्याआधी वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्टही काढून घ्या. गाडी आधी टॅक्सीत होती का, तेही विचारा. घरी 15 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. जुन्या वायरिंगवर रात्रभर चार्जिंग लावू नका. वादळात गावाला वीज देणारा गावठाण फीडर दोन दिवस बंद पडला तर यवतमाळला एसटी आहेच.