नाताळात देवाच्या प्रीतीवर प्रथमच मनन मांडणाऱ्यास

बायबलमधील योहान 3:16 ने (देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला) सुरुवात करण्याचा मोह टाळा. ते वचन चर्चमधल्या मंडळीला तोंडपाठ असते. त्याऐवजी लूक 2:24 सावकाश वाचा. येशूची आई मरीया हिच्या बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठीचे अर्पण तिथे नमूद आहे: होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले. जुन्या करारातील नियमशास्त्राच्या लेवीय 12:8 प्रमाणे ही सवलत, ज्यांना कोकरू आणण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी होती. देवाने आपला पुत्र अशा घरी सोपवला, आणि माझ्या मते त्याची प्रीती इथे जितकी जवळून दिसते, तितकी देवदूतांच्या स्तुतिगायनातही दिसत नाही. मग 1 योहान 4:10 कडे वळा, कारण प्रीतीचा आरंभ आपल्याकडून नव्हे, त्याच्याकडून झाला, हे तिथे स्पष्ट आहे. ज्यांच्या घरी यंदा दुःख झाले आहे, त्यांना आधी डोळ्यांसमोर ठेवा आणि दहा मिनिटांत थांबा.