पुढच्या तारखेला का नाही गेलास?

अरे,

तुझा मेसेज वाचला. एवढा मजकूर पहाटे पावणेचारला टाइप केलास, यातच मला निम्मं कळलं. नोकरी सोडू का, सांगलीला परत जाऊ का, लग्नाला नाही म्हणून टाकू का, बंगळुरूची ऑफर घेऊ का. एका दमात चार प्रश्न, आणि यातल्या एकाचंही उत्तर मी आज देणार नाही. माझं लक्ष तू कंसात टाकलेल्या वाक्यावर अडकलं. गोळ्या बाराव्या दिवशी बंद केल्या, नंतर डॉक्टरकडे गेलो नाही.

पुढच्या तारखेला का नाही गेलास?

तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत. मळमळ, दिवसभर गुंगी, फरक काहीच नाही. सगळं खरं. तुझं नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम असो की त्याच जातीचं दुसरं औषध, सुरुवातीला त्रास आधी दिसतो आणि गुण मागाहून येतो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे बाराव्या दिवशी तुझ्या पदरात नुसता त्रास पडला होता. हे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. पूर्ण फी घेऊन पाच मिनिटांत वाटेला लावलं म्हणतोस, तर राग येणारच. मग डॉक्टर बदल. तारीख चुकवू नकोस. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, सकाळची रात्री घेता येते, पण त्यासाठी तू समोर जाऊन बसायला हवंस ना!

पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत मी समाजसेविका होते तेव्हा तारखेला न आलेल्यांचं एक रजिस्टर ठेवायची. मोबाइल नव्हते, म्हणून पोस्टकार्ड टाकायची. चाळीत ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचणार, त्यामुळे आजाराचा उल्लेख नाही. ‘आपले कागद तयार आहेत, मंगळवारी सकाळी येऊन घेऊन जावेत’, एवढंच. माणसं कागद न्यायला यायची, मी त्यांना डॉक्टरांसमोर बसवायची. एका वरिष्ठांनी ऐकवलं होतं, बाई, तुम्ही पेशंटशी खोटं बोलता. का म्हणून? केसपेपर हा कागदच असतो. आजही मी तेच करीन. हळहळ वाटते ती कार्ड जाऊनही न आलेल्यांची. त्यात गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेले कितीतरी जण होते. बरे झाले म्हणून आले नाहीत, गावी गेले, की आणखी काही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चळवळीतली मित्रमंडळी तेव्हा माझ्याशी भांडायची. माणसाच्या हाताला काम नाही, दहा बाय दहात आठ जण झोपतात, आणि तू त्याला गोळ्या खायला लावतेस! तूही जवळपास तेच लिहिलंयस. ऐरोलीची नाइट शिफ्ट, पीजीत चौघं, भाडं, ठाणे स्टेशनची गर्दी; आजार माझा नाही, शहराचा आहे. मान्य. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांतलं मानसिक आजारांचं प्रमाण ग्रामीण भागाच्या दुपटीच्या आसपास निघालं होतं, तेव्हा शहराची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण शहर सुधारेपर्यंत तू काय जागाच राहणार आहेस? त्याच सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा आजारांच्या १०० पैकी ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. उरलेल्या १५ जणांत तू पोचलास आणि बाराव्या दिवशी उठून आलास. चीड येते ती याची.

समुपदेशनाचंही तेच. तीन काउन्सेलर बदललेस, आणि प्रत्येक वेळी वडिलांचा विषय निघाला की पुढची वेळ रद्द. हवंय ते तुला, गोळ्यांइतकंच हवंय. पण तिथेही तारीख पाळावी लागते.

ऑफिसात कळेल ही भीती सोड. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही मानसिक आजार म्हणून वेगळा न्याय लावता येत नाही. अर्थात ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत मुळातच नसतो, त्या भरवशावर राहू नकोस. म्हणून तर पालिकेच्या रुग्णालयात ये म्हणतेय. केईएम, नायर, सायन, कूपर, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. रांग लागते. लागू दे.

रागावले म्हणून गप्प बसू नकोस. कंसात का होईना, तू ते लिहिलंस, याचं मला बरं वाटलं. आता एकाचं सरळ उत्तर दे. मरून जावं असं मनात येतं का? येत असेल तर कुठल्याही तारखेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी १४४१६ लाव, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, रात्रीही सुरू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नाहीतर रूममेटला घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. आणि मला उठव, कितीही वाजलेले असोत.

तसं नसेल तर या आठवड्यात एक दिवस रजा टाक. ऐरोलीहून ठाणे, तिथून स्लो पकडून सायन. सकाळी लवकर ये, मी केसपेपरच्या खिडकीपाशी असेन. उरलेली स्ट्रिप, जुनं प्रिस्क्रिप्शन आणि थायरॉइड, बी-१२ चे रिपोर्ट असतील तर घेऊन ये. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने परत सुरू करू नकोस. पुढे झोप लागायला लागली की ‘मावशी, आता बरंय, जायलाच हवं का’ असं विचारशील, तेही आत्ताच सांगून ठेवते. जायलाच हवं. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू.

राजीनामा, सांगली, लग्न, सगळ्यावर बोलू, पण नीट झोपायला लागलास की. बंगळुरूवाल्यांना कधीपर्यंत कळवायचंय ते तेवढं सांग. मुदत वाढवून मागायचा ईमेल रांगेत बसल्या बसल्या लिहून टाकू.

तुझी,
मावशी