वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरील दगडफुलाची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दर हिवाळ्यात बडोद्याहून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी महिनाभर जातो. तेथील किनाऱ्यालगतच्या राईत झाडांच्या खोडांवर राखाडी फितींसारखे लोंबणारे दगडफूल दिसते. ते ‘रोसेला मोंटॅग्नेई’ असावे, असे परिचयातील एका प्राध्यापकांनी सांगितले. त्याच्या जागा नकाशावर मांडण्याचा विचार आहे. मोबाइलवर छायाचित्र आणि ठिकाण टिपले की पुरे होईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तेवढ्यावर नोंद होईल, परंतु ती पुढे कोणाच्या उपयोगी पडेलच असे नाही. पहिली अडचण ओळखीची आहे. किनाऱ्यावर ‘रामालिना’ या वंशातील दगडफुलेही अशीच फितींसारखी लोंबतात आणि छायाचित्रात दोन्ही सहज फसवतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. रोसेलामधील शैवालात नारिंगी रंगद्रव्य असते, त्यामुळे गळून पडलेला तुकडा नखाने खरवडला तर आत पिवळसर-नारिंगी झाक दिसते, तर रामालिनात हिरवी. त्याच तुकड्यावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या पाण्याचा थेंब टाकल्यास रोसेलाचा पृष्ठभाग लाल होतो. खोडावरचे दगडफूल मात्र सोलू नये; त्याची वाढ अतिशय संथ असते.

ठिकाण अक्षांश-रेखांशांत, दशांश चिन्हानंतर किमान चार अंकांपर्यंत लिहावे. चौथ्या अंकाने सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा ठरते. दोनच अंक लिहिले तर एक किलोमीटरहून अधिक चूक संभवते. आधी अक्षांश, मग रेखांश हा क्रम कधीही मोडू नये, कारण रत्नागिरीचे १७ आणि ७३ उलटले तर आपला आंबा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. सोबत तारीख, झाडाची जात, खोडाचा घेर, जमिनीपासूनची उंची आणि खोडाची समुद्राकडील की जमिनीकडील बाजू, हेही लिहावे. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. जेथे शोधूनही दगडफूल सापडले नाही, त्या जागेचीही नोंद करावी. समजा आपण पाच राया पाहिल्या आणि दोहोंतच ते आढळले. नकाशावर केवळ दोन ठिपके असतील, तर उरलेल्या तीन राया रिकाम्या होत्या की तेथे कोणी गेलेच नव्हते, हे दहा वर्षांनी पाहणाऱ्याला कळणार नाही. मग तो नकाशा दगडफुलाचा न राहता आपल्या पायवाटांचा होतो. त्याऐवजी ‘आंब्याची २० खोडे पाहिली, ३ खोडांवर आढळले’ किंवा ‘२० पाहिली, एकावरही नाही’ अशी ओळ वहीत असावी. पुढे झाडे तोडली गेली, रस्ता रुंद झाला, तर काय बदलले हे त्या ओळींवरूनच ताडता येते. ही सवय हौशी निरीक्षकांना क्वचितच असते, म्हणून आग्रहाने लिहीत आहे.

ओळख पक्की करण्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत विचारणा करावी. दोन्हींकडे दगडफुलांचे संग्रह आहेत. जंगलातील नमुना घ्यावयाचा असल्यास आधी वनखात्याची परवानगी घ्यावी.

गावी निघण्यापूर्वी बडोद्याच्या कमाटीबागेत एक सकाळ सराव करावा. तेथे रोसेला मिळणार नाही, पण जुन्या खोडांवरची दगडफुलाची कोणतीही पांढुरकी खपली निवडून वीस झाडांची वही भरून पाहिली, की कोणता रकाना आपण विसरतो हे घरी आल्यावर लगेच ध्यानात येईल.