मामांचं 'आभाळ आहे'

पुण्यात वाढलेल्या एका मैत्रिणीने विचारलं आहे : "निफाडचे मामा फोनवर म्हणाले, 'चार दिवस झाले, आभाळ आहे. काही खरं नाही.' आभाळ तर रोजच असतं ना? 'ढगाळ आहे' म्हणायला हवं होतं का?"

मामांचं काहीच चुकलेलं नाही. उलट त्यांच्या तोंडी शब्दाचा जुना अर्थ आहे. संस्कृतात 'अभ्र' म्हणजे ढग, आणि आपलं 'आभाळ' त्याच घराण्यातलं. आधी ढग, मग ढग जिथे दिसतात ती जागा. इंग्रजीतला 'स्काय' ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला, त्याचाही अर्थ ढगच होता. आपण 'निरभ्र आभाळ' किती सहज म्हणतो! मुळापर्यंत गेलं तर ते 'ढग नसलेले ढग' होतात, आणि तरी कुणालाच खटकत नाही.

कुठे कोणता अर्थ, ते क्रियापदावरून कळतं. आभाळ येतं, भरतं, दाटतं, निवळतं तेव्हा ते ढगांचं. फाटतं, कोसळतं किंवा आनंदाने ठेंगणं होतं तेव्हा ते आकाश. शिवाय ढग मोजता येतात, चार ढग म्हणता येतं. ढगांच्या अर्थाचं आभाळ मात्र सगळं मिळून एकच.

'मळभ' जवळचा शब्द, पण त्यात उदासी आहे, म्हणून ते मनावरही येतं.

आमच्या नाशिककडे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, 'आभाळ आलं' हे नुसतं हवेचं वर्णन नसतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग पोंग्यात (नवे कोंब फुटत असताना) किंवा फुलोऱ्यात असते. तेव्हा ऊन पडलं नाही की पानांवरचा ओलावा लवकर सुकत नाही, आणि पाऊस किंवा दव असेल तर डावणी हा बुरशीसारखा रोग झपाट्याने पसरतो. मग फवारणी, पुन्हा फवारणी, आणि खर्च. 'ढगाळ' हा शब्द हवामानाच्या बातमीत शोभतो. मामांची काळजी त्यात मावणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा त्यांना आधी विचारा, "मामा, आभाळ निवळलं का?"